बांधकाम परवानगी नाकारली? पुढचे 40 दिवस कसे वापरायचे

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण छोट्या बिल्डरच्या धंद्याचा हिशोब मांडला. त्यात एक विषय धावता राहिला, आणि तो धावता सोडण्यासारखा नाही. जागा घेतली, आर्किटेक्टकडून नकाशा काढून घेतला, फाइल टाकली, आणि दोन महिन्यांनी नगरपंचायतीचं पत्र आलं: आपला बांधकाम परवानगीचा प्रस्ताव नामंजूर करण्यात येत आहे. आता पुढे काय?

बाभुळगावसारख्या गावाचंच उदाहरण घेऊ, कारण मोठ्या शहरातल्या बिल्डरकडे यासाठी वेगळा माणूस पगारावर असतो. आपल्याकडे मालक, मॅनेजर आणि फाइल घेऊन फिरणारा असा एकच माणूस असतो. बाभुळगाव हे यवतमाळ–धामणगाव रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. इथल्या शाळेत, बँकेत, तहसीलमध्ये नोकरी करणारे अनेक जण यवतमाळहून ये-जा करतात. त्यांच्यासाठी दहा-बारा फ्लॅटची एक नीट इमारत बांधावी, असा विचार एखाद्या होतकरू माणसाच्या डोक्यात येणं अगदी साहजिक आहे. अडचण अशी की ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तरी लोकांच्या सवयी जुन्याच राहिल्या. पूर्वी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणला की झालं, असा समज होता. आता नकाशा, रस्त्याची रुंदी, पार्किंग, सामासिक अंतर सगळं मोजलं जातं. त्यामुळे नकाराची पत्रंही येतात.

पत्र आलं की माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. एक म्हणजे ओळखीच्या नेत्याला फोन. दुसरी म्हणजे "बघू काय करतात ते" म्हणून पाया खोदायला सुरुवात. दोन्हीमध्ये एक साधी गोष्ट हातातून निसटते, ती म्हणजे मुदत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 (आपण त्याला एमआरटीपी कायदा म्हणतो) याच्या कलम 47 प्रमाणे नकाराविरुद्ध अपील करता येतं, पण आदेश तुम्हाला कळवल्यापासून 40 दिवसांच्या आत. इंग्लंडमध्ये फ्लॅटच्या प्रकल्पाला नकार मिळाला तर अपिलासाठी साधारण सहा महिने मिळतात. आपल्याकडे 40 दिवस. त्यातले पंधरा दिवस साहेबांची भेट मिळते का बघण्यात गेले, तर उरले पंचवीस.

पण थांबा, लगेच अपील करा असं मी म्हणत नाहीये. उलट माझं मत असं आहे की नकार मिळालेल्या बऱ्याच लोकांनी अपील करूच नये, नकाशा दुरुस्त करून परत टाकावा. अपील हे ज्याची अडचण मोठी आहे त्याच्यासाठी नाही, ज्याचं नियमात बरोबर आहे त्याच्यासाठी आहे. आपण दोघांपैकी कोण, हे ठरवायला पत्र वाचावं लागतं.

पत्र वाचायचं म्हणजे काय बघायचं

पहिली गोष्ट, तारीख. पत्रावर छापलेली तारीख एक असते आणि पत्र तुमच्या हातात पडल्याची तारीख दुसरी. 40 दिवस मोजायचे ते आदेश तुम्हाला कळवल्यापासून. म्हणून पाकीट फेकू नका, पोस्टाचा शिक्का दिसेल असा फोटो काढून ठेवा. ऑनलाइन प्रणालीत, म्हणजे बीपीएमएसवर, नकार दिसला असेल तर त्या दिवशीच स्क्रीनशॉट घ्या. आर्किटेक्टच्या लॉगिनला पत्र येऊन पडलेलं असतं आणि मालकाला तीन आठवड्यांनी कळतं, असं होऊ देऊ नका. फाइल टाकली त्या दिवसापासून दर आठवड्याला आर्किटेक्टला विचारत राहा. त्यांना राग आला तरी चालेल.

दुसरी गोष्ट, कलम. नकार कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली दिला, ते पत्रात शोधा. या लेखात मी एमआरटीपी कायद्याच्या कलम 45 खालच्या नकाराबद्दल बोलतोय. अपील त्याच्यावर आहे. तुमची जागा नगरपंचायतीच्या हद्दीबाहेर असेल तर परवानगी देणारं कार्यालय वेगळं, म्हणजे महसूल खात्याकडचं, आणि रस्ताही वेगळा. गावाला अगदी लागून असलेल्या जागांबाबत हा गोंधळ हमखास होतो. हद्दीचा दगड कुठे आहे हे लोकांना तोंडपाठ असतं, पण कागदावर ती कुठून जाते ते माहीत नसतं. हे यवतमाळच्या नगर रचना कार्यालयात जाऊन एकदा नकाशावर बघून घ्या.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कारणं. कलम 45 मध्येच लिहिलंय की नकार देताना त्याची कारणं आदेशात नमूद करायची. नुसतं "नियमात बसत नाही" एवढंच असेल, तर तोच तुमच्या अपिलाचा पहिला मुद्दा होतो. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये मोहिंदर सिंग गिल यांच्या खटल्यात, जो खरं तर निवडणुकीचा होता, हे तत्त्व घालून दिलं की आदेश ज्या कारणांवर दिला त्याच कारणांवर तो टिकला पाहिजे, मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडून तो सजवता येत नाही. वकील लोक हा निकाल फार आवडीने वापरतात. मात्र तेवढ्याच जोरावर जिंकू असं धरून चालू नका. अपील ऐकणाऱ्यासमोर तुमची पूर्ण फाइल असते, आणि नकाशातली खोट त्यांनाही दिसते.

पत्र आलं त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं काम आहे. तुमच्या प्रस्तावाच्या फाइलवरच्या सगळ्या टिप्पण्या, स्थळपाहणीचा अहवाल, नगर रचना कार्यालयाचा अभिप्राय, आलेल्या तक्रारींच्या प्रती मागा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. म्हणजे पहिल्या दिवशी अर्ज टाकला तर कागद 40 दिवसांच्या आत हातात येण्याची आशा असते. विसाव्या दिवशी टाकला तर नाही. अर्जात फाइलची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी असंही लिहा, तो हक्क कायद्यात आहे, आणि पाहणीत अर्ध्या तासात जे कळतं ते पत्रव्यवहारात महिनाभर कळत नाही.

कारणांची वाटणी

आता एक उदाहरण घेऊ. हे हिशोबासाठी रचलेलं आहे, कोणाची गोष्ट नाही. समजा दोन भाऊ आहेत. त्यांचा 8,000 चौरस फुटांचा प्लॉट आहे, तीन मजले, 12 फ्लॅट बांधायचे आहेत. नकाराच्या पत्रात चार कारणं आली. एक, नकाशात पोहोच रस्ता 9 मीटर दाखवला आहे, जागेवर 7.5 मीटर भरतो. दोन, पार्किंग कमी पडतं. तीन, सातबाऱ्यावर बहिणीचं नाव आहे आणि तिची संमती जोडलेली नाही. चार, शेजारच्या रहिवाशांचा अपार्टमेंटला विरोध आहे.

चारही कारणं एकाच पत्रात आहेत, पण चारही सारखी नाहीत. दुसरं आणि तिसरं कारण घरचं काम आहे. पार्किंगचा तक्ता राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये दिलेला आहे. ही नियमावली 2 डिसेंबर 2020 ला मंजूर झाली आणि मुंबईसारखी काही क्षेत्रं सोडली तर राज्यभर लागू आहे. फ्लॅटच्या आकारावरून किती गाड्यांची जागा लागते ते मोजायचं, कमी असेल तर एखादा फ्लॅट लहान करायचा किंवा स्टिल्ट घ्यायचा. बहिणीची संमती? तिच्या घरी जा, तिचा हिस्सा काय ते कागदावर लिहा आणि नोंदवून घ्या. यासाठी मंत्रालयात अपील करणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया. शिवाय मालकी हक्काचा वाद परवानगी देणारं कार्यालय मिटवत नाही. त्यांना फक्त वरकरणी तुमचा हक्क दिसायला हवा. तो दाखवणं तुमचं काम.

चौथं कारण बघा. शेजाऱ्यांचा विरोध. लहान गावात हे येणारच. फ्लॅट म्हणजे भाडेकरू येणार, पाणी कमी पडणार, गाड्या लागणार, अशी भीती लोकांना असते आणि ती सगळी खोटी असते असंही नाही. पण कलम 46 काय सांगतं? परवानगी ठरवताना नियोजन प्राधिकरणाने विकास योजनेतल्या तरतुदी लक्षात घ्यायच्या. जागा निवासी पट्ट्यात आहे, आराखडा नियमावलीत बसतो, तर केवळ काही लोकांना नको म्हणून नकार टिकवणं अवघड आहे. हा अपिलाचा मुद्दा झाला. एक सांगतो मात्र: अपील जिंकलं तरी त्याच शेजाऱ्यांच्या दारातून तुमची वाळूची गाडी जाणार आहे. पाण्याची सोय काय केली, गाड्या कुठे लागणार, हे त्यांना नकाशा उघडून दाखवा. धंद्याच्या दृष्टीने सांगतोय, यातलेच दोघे उद्या गिऱ्हाईक होतात.

आता पहिलं कारण, रस्ता. सगळा जीव यात आहे. कारण रस्त्याच्या रुंदीवर तुम्हाला किती एफएसआय मिळणार आणि इमारत किती उंच जाणार हे अवलंबून असतं. रस्ता बारीक झाला की फ्लॅट कमी झाले, आणि फ्लॅट कमी झाले की अख्खा हिशोब बदलला. इथे प्रश्न असा विचारायचा: मंजूर ले-आऊटमध्ये रस्ता किती आहे? ले-आऊटमध्येच 7.5 मीटर असेल आणि आर्किटेक्टने 9 दाखवला असेल, तर नकार बरोबर आहे. अपील करू नका, इमारत लहान करा. पण ले-आऊटमध्ये 9 मीटर असेल आणि कोणाचा ओटा, कोणाचं कुंपण, कोणाची टपरी पुढे आल्यामुळे जागेवर 7.5 भरत असेल, तर गोष्ट उलटी होते. दुसऱ्याच्या अतिक्रमणाची शिक्षा तुम्हाला कशी? हे सिद्ध करायचं तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणि मंजूर ले-आऊटची प्रमाणित प्रत लागते. मोजणीला वेळ लागतो, म्हणून शक्य तर प्रस्ताव टाकण्याआधीच करून घ्या. त्या फीकडे खर्च म्हणून बघू नका.

काही कारणं अशी असतात की त्यांच्यापुढे अपिलाचा उपयोगच नसतो. जागेवर विकास योजनेत शाळेचं किंवा मैदानाचं आरक्षण आहे, किंवा नदीच्या पूररेषेत निळ्या रेषेच्या आत येते. बेंबळा नदीच्या या तालुक्यात पूररेषा हा शब्द हसण्यावारी नेऊ नका. जलसंपदा खात्याने आखलेली निळी रेषा अपिलात कोणी सरकवत नाही. आरक्षणाच्या बाबतीत मात्र वेगळे रस्ते आहेत. परवानगी नाकारल्यामुळे जमीन कशालाच उपयोगी राहिली नाही तर कलम 49 खाली ती खरेदी करा अशी नोटीस देता येते. आणि अंतिम विकास योजना लागू होऊन 10 वर्षं झाली, तरी जमीन घेतली नाही, तर कलम 127 ची नोटीस देता येते. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. वर्षांचं काम आहे हे. ज्याचे हप्ते चालू आहेत त्याने यावर प्रकल्प उभा करू नये.

अटींवरही अपील होतं

हे फार लोकांना माहीत नसतं. कलम 47 फक्त नकारासाठी नाही. परवानगी मिळाली पण एखादी अट अशी घातली की ती मान्य केली तर प्रकल्पच तोट्यात जाईल, तर त्या अटीविरुद्धही त्याच 40 दिवसांत अपील करता येतं. लोक आनंदाने पेढे वाटतात, अटींचं पान वाचत नाहीत, आणि सहा महिन्यांनी कळतं की पुढची पट्टी विनामोबदला लिहून द्यायची आहे. सार्वजनिक कामासाठी लागणारी जमीन कशी घ्यायची याचे मार्ग कलम 126 मध्ये आहेत: समजुतीने, एफएसआय किंवा टीडीआरच्या रूपात मोबदला देऊन, किंवा भूसंपादन करून. दिल्लीच्या पंडित चेतराम वशिष्ठ यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली सांगितलं की ले-आऊट मंजूर करताना बाग-शाळेसाठीची मोकळी जागा महानगरपालिकेच्या नावावर फुकट करून द्या, अशी अट कायद्याच्या आधाराशिवाय घालता येत नाही. प्रत्येक अटीला हा निकाल लागू पडत नाही, नियमावलीतच ठरलेल्या मोकळ्या जागा सोडाव्याच लागतात. पण "फुकट लिहून द्या" असं दिसलं की सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

60 दिवसांचा गैरसमज

"साहेब, 60 दिवस झाले, उत्तर नाही, म्हणजे परवानगी मिळाली ना?" कायद्यात मानीव परवानगी आहे, हे खरं. अर्ज मिळाल्यापासून किंवा त्यांनी काढलेल्या त्रुटींना तुम्ही उत्तर दिल्यापासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून 60 दिवस मोजायचे. पण त्याला जोडलेलं वाक्य लोक वाचत नाहीत. तुमचा प्रस्ताव सगळ्या नियमांत काटेकोर बसणारा असला पाहिजे. नसेल आणि तुम्ही बांधलं, तर ते अनधिकृत बांधकामच धरलं जातं. म्हणजे पार्किंग एका गाडीने कमी असलं तरी तुमची मानीव परवानगी डळमळली. शिवाय मानीव परवानगीवर बँक कर्ज देईल का? आपल्या बँक मॅनेजरला एकदा विचारून बघा, चेहऱ्यावरूनच उत्तर कळेल. 60 दिवस उलटले तर लेखी पत्र द्या, पोच घ्या, आर्किटेक्टचं प्रस्ताव नियमात असल्याचं प्रमाणपत्र जोडा आणि लेखी परवानगीच मागा.

अपील कसं करायचं

अपील राज्य शासनाकडे, म्हणजे नगर विकास विभागाकडे करायचं. शासन स्वतः किंवा शासनाने नेमलेला अधिकारी ते ऐकतो, आणि हा अधिकारी उपसचिव दर्जाच्या खालचा नसतो. म्हणजे ज्या कार्यालयाने नकार दिला त्याच कार्यालयात अपील नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन दिलं, पालकमंत्र्यांना भेटलो, लोकशाही दिनात तक्रार टाकली, यातलं काहीही कलम 47 चं अपील नव्हे. निवेदनं देत बसाल तर 40 दिवस निघून जातील, आणि उशीर माफ होईल या भरवशावर राहू नका.

अपिलाचा मसुदा मोठा नको. आधी तुमचं नाव, जागेचा गट किंवा सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, प्रस्तावाचा नंबर आणि तारीख, नकाराच्या पत्राचा नंबर आणि ते मिळाल्याची तारीख. मग घडलेल्या गोष्टी तारखेनुसार, एक-दीड पानात. मग पत्रातलं प्रत्येक कारण शब्दशः लिहायचं आणि त्याच्याखाली त्याचं उत्तर, आणि उत्तराला पुरावा कोणत्या पानावर आहे तो नंबर. आपल्या दोन भावांचं घेतलं तर: कारण 2, पार्किंग, सुधारित नकाशात पूर्ण केलं, पान अमुक. कारण 3, संमती जोडली, पान तमुक. कारण 1, मंजूर ले-आऊटमध्ये रस्ता 9 मीटर, मोजणी नकाशा आणि प्रमाणित प्रत जोडली. कारण 4, जागा निवासी पट्ट्यात, झोन दाखला जोडला. शेवटी मागणी: नकाराचा आदेश रद्द करून परवानगी द्यावी, किंवा योग्य वाटतील अशा अटींवर द्यावी. ही दुसरी ओळ विसरू नका. अपिलात पूर्ण परवानगी किंवा बदललेल्या अटींसह परवानगी, दोन्ही देता येतं.

सोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, भाग नकाशा, मंजूर ले-आऊट, आर्किटेक्टचे नकाशे, नकाराचं मूळ पत्र, नियमाप्रमाणे फी भरल्याची पावती. सगळ्याला पान नंबर. एक संच स्वतःकडे, एक नगरपंचायतीला पोच घेऊन. कर्ज काढलंय, घरचे टेन्शनमध्ये आहेत, बेरोजगारांना काम मिळेल, हे सगळं खरं असलं तरी दोन ओळींत संपवा. तो कागद वाचणाऱ्याला तुमची अडचण कळते, पण ती सोडवायला त्याला नियम लागतो.

दुरुस्त नकाशा नगरपंचायतीत परत टाकायचा की अपील करायचं, असा पेच पडला तर दोन्ही करता येतं. नव्या अर्जाच्या पत्रात एक वाक्य लिहा, की कलम 47 खालील अपिलाचा हक्क अबाधित ठेवून हा सुधारित प्रस्ताव सादर करत आहोत. तिकडे काम झालं तर अपील मागे घेता येतं. मुदत गेली तर मात्र ती परत येत नाही.

सुनावणीला दोन्ही बाजूंना बोलवावं लागतं, तुम्हालाही आणि नगरपंचायतीलाही. धामणगावहून गाडी पकडून मुंबईला जायचं म्हणजे दोन-तीन दिवस मोडतात, म्हणून जाताना तयारीने जा. आर्किटेक्टला सोबत न्या. रस्त्याचा आणि मार्जिनचा प्रश्न आला की वकिलापेक्षा आर्किटेक्टचं उत्तर कामाला येतं. जागेचे फोटो मोठ्या आकारात छापून न्या, रस्त्यावर टेप धरलेला फोटो असेल तर उत्तम. तुम्हाला बोलायला पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त मिळेल असं समजू नका.

या काळात पैशाचं काय

आता खरा धंद्याचा प्रश्न. समजा 40 लाखांचं कर्ज उचललंय, व्याज वर्षाला 12 टक्के. महिन्याला 40,000 रुपये फक्त व्याज. अपील सहा महिने चाललं तर 2 लाख 40 हजार गेले, एक वीट न लावता. म्हणून अपील करायच्या आधी कागदावर दोन आकडे मांडा. अपील जिंकलं तर किती फ्लॅट आणि किती नफा, वजा व्याज. आणि आज दोन फ्लॅट कमी करून नकाशा पास करून घेतला तर किती नफा. पुष्कळदा दुसरा आकडा मोठा निघतो. मान खाली घालावी लागते असं वाटतं, पण हिशोबाला मान-अपमान नसतो.

हा खड्डा टाळायची जागा मुळात जमीन घेतानाच असते. इसारचिठ्ठीत एक अट घाला: बांधकाम परवानगी मिळाल्यावरच उरलेली रक्कम देय होईल, आणि अमुक महिन्यांत परवानगी न मिळाल्यास इसार परत. जमीनमालक कुरकुर करतो, थोडा भाव वाढवून मागतो. द्या. विकसन करारनामा करत असाल तर अपिलात गेलेला काळ मुदतीत धरू नये, हेही लिहून घ्या.

आणि बुकिंग? आपल्याकडे ओळखीवर बुकिंग चालतं. मास्तरांनी दोन लाख दिले, मावसभावाने एक लाख दिला, सगळं विश्वासावर. हे थांबवा. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची नोंदणी लागते, आणि नोंदणीआधी जाहिरात, बुकिंग, विक्री काहीच करता येत नाही. आपल्या उदाहरणातला 8,000 चौरस फुटांचा प्लॉट म्हणजे जवळपास 743 चौरस मीटर, वर 12 फ्लॅट, दोन्ही बाजूंनी आत येतो. नोंदणी न करता विकलं तर दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. परवानगीच नाही तर महारेराची नोंदणी कुठून होणार? घेतले असतील तर ते पैसे आजच परत करा, चेकने किंवा खात्यातून, पावती घेऊन. नकाराची बातमी गावात दोन दिवसांत पसरते. तुम्ही स्वतः सांगून पैसे परत दिलेत तर परवानगी आल्यावर तीच माणसं परत येतील.

खोदायचं नाही

अपील दाखल झालं म्हणजे बांधायची मोकळीक मिळाली, असं नाही. अपील चालू असताना तुमच्याकडे परवानगी नाही, एवढंच सत्य असतं. परवानगीशिवाय बांधलं तर कलम 52 खाली एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दंडाची तरतूद आहे, बांधकाम पाडण्याची नोटीस वेगळी.

मुंबईच्या वरळीतलं कॅम्पा कोला कंपाउंड आठवतंय? सात इमारती, परवानगी पाच मजल्यांची, आणि बिल्डरांनी 1980 च्या दशकात चढवत नेऊन एक इमारत 20 मजल्यांपर्यंत नेली. 1984 मध्ये काम थांबवण्याची नोटीसही आली होती. लोकांनी फ्लॅट घेतले, राहायला आले, मुलं मोठी झाली. प्रकरण कोर्टात फिरत राहिलं आणि 27 फेब्रुवारी 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत मजल्यांना संरक्षण द्यायला नकार दिला. पुढच्या वर्षी त्या फ्लॅटचं पाणी, वीज, गॅस तोडायला पालिकेची माणसं आली, तेव्हा दारात उभे होते ते रहिवासी. बाभुळगावात तीन मजली इमारतीत हे झालं तर दारात उभे असतील ते मास्तर आणि मावसभाऊ, आणि त्यांना तुमचं घर माहीत आहे.

डिसेंबर 2024 मध्ये मेरठच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले, त्यात बँकांनी कर्ज देताना इमारतीचा पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला तपासावा आणि वीज-पाण्याच्या जोडण्याही दाखल्यानंतरच द्याव्यात असं म्हटलं आहे. म्हणजे आता नियमाबाहेरचा फ्लॅट घेणाऱ्याला कर्ज मिळणंही कठीण.

अपील फेटाळलं तर

एमआरटीपी कायद्याच्या कलम 149 मुळे असे आदेश अंतिम मानले जातात, दिवाणी दावा लावून ते उलटवता येत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यासाठी उरतो तो मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट अर्ज. तिथे कोर्ट स्वतः नकाशे तपासत बसत नाही. आदेशाला कारणं आहेत का, तुम्हाला ऐकून घेतलं का, कायद्याबाहेर जाऊन निर्णय झाला का, हे बघतं, आणि बऱ्याचदा प्रकरण नव्याने ऐका म्हणून परत पाठवतं. म्हणून अपिलात जो कागद लावला नाही तो तिथे नव्याने लावू, असा विचार करू नका. सगळे कागद अपिलातच लागले पाहिजेत.

आणि अपील मंजूर झालं तर? परवानगीची मुदत एक वर्षाची असते. ती दरवर्षी वाढवून घेता येते, पण वाढ एकूण तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. या मुदतीत निदान जोत्यापर्यंत, स्टिल्ट असेल तर स्टिल्टच्या वरच्या पातळीपर्यंत काम व्हावं लागतं, नाहीतर परवानगी संपते आणि अर्ज पहिल्यापासून. तेव्हा आदेश हातात आला की त्याच आठवड्यात महारेराच्या नोंदणीचे कागद तयार करायला घ्या, बँकेला प्रत द्या, आणि जोतं झालं की पुढे चढण्याआधी जोते तपासणीचा दाखला मागून घ्या. महारेराच्या फॉर्मवर पुढच्या आठवड्यात वेगळा व्हिडिओ येतोय, त्यात कागदांची यादी स्क्रीनवर दाखवतो.